प्रवेश-प्रतिनिधींचे नीती व नियमविषयक प्रशिक्षण (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

महाविद्यालयाच्या वतीने होऊ घातलेल्या विद्यार्थ्याशी बोलणी करून त्यास अर्जापर्यंत व पुढे करारनाम्यावरील सहीपर्यंत आणणाऱ्या नोकरास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रवेश-प्रतिनिधी म्हणतात. त्याने काय सांगावे, काय सांगू नये, कोणती माहिती लेखी द्यावी आणि त्याचे वेतन कोणत्या निकषावर ठरता कामा नये, यासंबंधीचे कायदे व व्यवसायनीती त्यास रीतसर शिकविण्याचा जो उपक्रम, तो प्रस्तुत नोंदीचा विषय होय. जुन्या नामांकित विद्यापीठांत या पदावरील मनुष्य मुख्यतः अर्जांची छाननी करतो. नफ्यासाठी चालविल्या जाणाऱ्या महाविद्यालयांत मात्र विद्यार्थी मिळविणे हेच त्याचे काम असते. येथे वर्णिलेले निर्बंध बहुतांशी या दुसऱ्या वर्गाच्या अनुभवातून निघाले असले, तरी संघीय साहाय्याचा पैसा घेणाऱ्या सर्वच संस्थांना ते बंधनकारक आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, अशी तरतूद १९४४ च्या कायद्याने केली आणि त्या पैशाच्या आशेने खाजगी व्यवसायशाळांचे पीक आले. त्यांतील गैरप्रकार पाहून कोरियन युद्धातील सैनिकांसाठी केलेल्या १९५२ च्या कायद्यात अशी अट घालण्यात आली की, कोणत्याही अभ्यासक्रमातील सरकारी खर्चाने शिकणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८५ हून अधिक असू नये. जो अभ्यासक्रम स्वतःच्या पदरचे पैसे मोजून कोणीच घेत नाही, त्याची किंमत संशयास्पद समजावी, हे त्यामागील तत्त्व. १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाने सरकारी अनुदाने व कर्जे सामान्य विद्यार्थ्यांस खुली केली आणि १९७२ च्या दुरुस्तीने नफाधारी संस्थांचाही या योजनांत सर्रास प्रवेश झाला. या व्यवस्थेतील मर्म असे की, विद्यार्थ्याने सही करताच शुल्काची रक्कम संस्थेच्या पदरी पडते, कर्ज मात्र विद्यार्थ्याच्या नावे राहते. शिक्षण अर्धवट सुटले किंवा नोकरी लाभली नाही, तरी परतफेड चुकत नाही. अशा स्थितीत सही मिळविणारा नोकर दर सहीमागे दलाली घेत असेल, तर त्याच्या जिभेवर कोणता अंकुश राहणार, हा प्रश्न १९८० नंतरच्या दशकात थकलेल्या कर्जांचा डोंगर उभा राहिला तेव्हा ऐरणीवर आला. सिनेटर सॅम नन यांच्या उपसमितीने या गैरव्यवहारांची चौकशी केली आणि १९९२ च्या दुरुस्तीने प्रवेश वा अर्थसाहाय्य मिळवून देण्याच्या यशावर प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे आधारलेले कमिशन, बक्षिसी वा अन्य प्रलोभन देण्यास मनाई केली.

वेतनविषयक निर्बंध : ही मनाई कागदावर कडक असली, तरी २००२ साली शिक्षण खात्याने तिला बारा अपवाद जोडले, त्यांपैकी एकाचा आधार घेऊन वर्षातून दोनदा वेतन वाढविता वा घटविता येई, मात्र ते केवळ मिळविलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर करावयाचे नव्हते. हा ‘केवळ’ शब्द इतका सोयीचा ठरला की, संख्येच्या जोडीला वक्तशीरपणासारखा एखादा गुण नोंदवून जुना शिरस्ता अनेक ठिकाणी तसाच चालू राहिला. ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर होऊन १ जुलै २०११ पासून अमलात आलेल्या नियमांनी हे बाराही अपवाद रद्द केले. तथापि, त्याच वर्षी मार्च महिन्यात शिक्षण खात्याने काढलेल्या मार्गदर्शनपत्राने एक नवी वाट मोकळी ठेवली : विद्यार्थी-भरतीबरोबर अन्य सेवाही एकत्रितपणे पुरविणाऱ्या बाहेरच्या स्वतंत्र कंपनीस शुल्कातील वाटा देता येईल, असे त्यात म्हटले होते. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवून देणाऱ्या कंपन्यांचा विस्तार बव्हंशी या मुभेच्या आश्रयाने झाला.

सत्यकथनविषयक निर्बंध : संघीय नियमांनुसार अभ्यासक्रमाचे स्वरूप, शुल्काचे मान आणि पदवीधरांची नोकरी मिळण्याची शक्यता, या तीन बाबतींत असत्य विधान करणे निषिद्ध आहे, ऐकणाऱ्याने वाजवीपणे विसंबून राहावे व त्यामुळे त्याचे नुकसान व्हावे, असे ते विधान असेल तर ते गंभीर समजले जाते. २०१२ साली कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय अपील न्यायालयाने वेतनविषयक नियमांचा बहुतेक भाग कायम ठेवला. परंतु जे विधान खरे असून केवळ गोंधळात टाकणारे आहे, त्यास अधिनियमाखाली शिक्षा करता येणार नाही, असाही निर्वाळा दिला. या निकालामुळे प्रशिक्षणाचे काम सोपे न होता नाजूक झाले; कारण कायद्याच्या कक्षेत निभावणारे आणि तरीही अप्रामाणिक असे जे बोलणे, त्याचा बंदोबस्त आता नीतीनेच करावयाचा होता.

प्रशिक्षणाचे पूर्वरूप : प्रतिनिधींना पूर्वी शिक्षण मिळत नव्हते, असे नव्हे, ते कसून मिळे, मात्र त्याचा रोख वेगळा होता. नफाधारी महाविद्यालयांची चौकशी करणाऱ्या, सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीपुढे आलेल्या कागदपत्रांत आयटीटी या संस्थेचे असे साहित्य आढळले की, त्यात समोरच्या माणसाच्या आयुष्यातील दुःख, अपयश व न्यूनगंड एकामागून एक प्रश्नांनी उकरून काढीत त्यास सहीपर्यंत कसे न्यावे, याची पायरीवार मांडणी केली होती. समितीच्या २०१२ च्या अहवालाप्रमाणे, तपासलेल्या तीस कंपन्यांनी २०१० साली ३५,२०२ भरती-कर्मचारी नेमले होते, तर पदवीधरांस नोकरी मिळविण्यास साहाय्य करणारे कर्मचारी अवघे ३,५१२ होते. उत्पन्नाचा शेकडा २२.७ भाग जाहिरात व भरती यांवर, तर १७.२ भाग प्रत्यक्ष अध्यापनावर खर्च होत होता. तत्पूर्वी ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पंधरा नफाधारी महाविद्यालयांकडे वेषांतरित चौकशीदार पाठविले. पंधराही ठिकाणी फसवी वा शंकास्पद विधाने ऐकू आली आणि चार ठिकाणी तर साहाय्याच्या अर्जात खोटी माहिती भरण्याची सूचना मिळाली. या अहवालातील काही तपशील पुढे नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करण्यात आले, मुख्य निष्कर्ष मात्र टिकला.

अभ्यासविषय : आजच्या प्रशिक्षणात पहिले स्थान वरील दोन निर्बंधांना असते. नोकरीची हमी देऊ नये. पगाराचा आकडा सांगितल्यास त्याचा आधार दाखवावा. येथील श्रेयांक अन्य विद्यापीठ मान्य करीलच, असे म्हणू नये. कर्जास अनुदान म्हणू नये. संस्थेची अधिस्वीकृती आणि व्यवसायाचा परवाना मिळण्यास लागणारी पात्रता या भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट करावे, असे हे धडे असतात. याखेरीज १९७४ च्या कायद्यानुसार विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता, १९९० च्या कायद्यानुसार आवारातील गुन्ह्यांची जाहीर माहिती आणि १९९१ च्या कायद्यानुसार स्वयंचलित यंत्रांनी दूरध्वनी करण्यावरील मर्यादा शिकविल्या जातात. १९७३ च्या पुनर्वसन अधिनियमाखालील नियमांमुळे प्रवेशापूर्वी अपंगत्वाची विचारपूस करणे सामान्यतः वर्ज्य आहे. सहानुभूतीने विचारलेला प्रश्नही येथे नियमभंग ठरू शकतो, म्हणून या भागाचा सराव विशेष करवून घेतात. राज्यांचे निर्बंध निराळे : टेक्सासमध्ये व्यवसायशाळांच्या प्रतिनिधींची राज्याकडे नोंदणी करावी लागते, ओहायोमध्ये परवाना लागतो, तर कॅलिफोर्नियाच्या २००९ च्या कायद्यान्वये करारनाम्यापूर्वी पूर्णतेचे प्रमाण, नोकऱ्या व वेतन यांचे माहितीपत्रक विद्यार्थ्याच्या हाती द्यावे लागते. संभाषणांचे ध्वनिमुद्रण ऐकणे, विद्यार्थी असल्याची बतावणी करून तपासनीस पाठविणे आणि दरसाल उजळणी घेऊन सहीची नोंद दप्तरी ठेवणे, या प्रशिक्षणाच्या रूढ पद्धती होत.

अंमलबजावणी : यादवी युद्धातील ठेकेदारांच्या लबाड्यांवर उपाय म्हणून १८६३ साली झालेला खोट्या मागण्यांविषयीचा कायदा या क्षेत्रात अनपेक्षितपणे उपयोगी पडला, त्यान्वये खाजगी व्यक्तीसही सरकारच्या वतीने दावा लावून वसुलीतील वाटा मिळविता येतो. युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सच्या दोन माजी प्रवेश-कर्मचाऱ्यांनी लावलेला असा दावा डिसेंबर २००९ मध्ये ६ कोटी ७५ लाख डॉलर व वकिलांचा खर्च देऊन मिटविण्यात आला. एप्रिल २०१५ मध्ये कोरिंथियन कॉलेजेस या कंपनीस, पदवीधरांच्या नोकऱ्यांचे आकडे चुकीचे दिल्यावरून सुमारे ३ कोटी डॉलर दंड झाला व त्याच महिन्यात तिचा कारभार बंद पडला; २०२२ साली तिच्या सुमारे ५,६०,००० विद्यार्थ्यांची ५८० कोटी डॉलरची कर्जे सरकारने माफ केली. फसवणुकीचा भार अखेर करदात्यांवर कसा येतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

व्यावसायिक संघटना व परदेशी विद्यार्थी : १९३७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय महाविद्यालय-प्रवेश समुपदेशन संघटनेची आचारसंहिता १९९२ च्या संघीय मनाईहून जुनी आहे. तथापि, अन्यत्र प्रवेश निश्चित केलेल्या विद्यार्थ्यास पुन्हा आकर्षित करू नये, यांसारखी तिची कलमे स्पर्धेस बाधक असल्याचे म्हणत न्याय खात्याने डिसेंबर २०१९ मध्ये दावा दाखल केला आणि आधीच काढलेली ती कलमे पुन्हा न आणण्याचे संघटनेने मान्य केले. सभ्यतेचा संकेत व व्यापारविषयक कायदा यांची टक्कर होऊ शकते, हे त्यावरून दिसून आले. दलालीवरील संघीय मनाई सरकारी साहाय्यास अपात्र असलेल्या, परदेशात राहणाऱ्या परकीय विद्यार्थ्यांच्या भरतीस लागू नाही, आणि उपरोक्त संघटनेनेही २०१३ साली अशा भरतीपुरती दलालीवरील आपली बंदी शिथिल केली. परिणामी, पुण्या-मुंबईच्या एखाद्या सल्लागार कचेरीत बसलेल्या मराठी विद्यार्थ्यास जो मनुष्य अमेरिकेतील महाविद्यालय सुचवितो, तो त्या महाविद्यालयाकडून दरडोई रक्कम घेत असू शकतो व ते तेथील कायद्यास धरूनच असते. अमेरिकी आंतरराष्ट्रीय भरती परिषद या नावाने २००८ साली स्थापन झालेली संस्था अशा मध्यस्थांना प्रमाणपत्र देते. पण ते घेणे ऐच्छिक आहे.

मूल्यमापन : या प्रशिक्षणावर मुख्य आक्षेप असा की, ते विद्यार्थ्याचे रक्षण करण्याऐवजी संस्थेचे रक्षण करते : दप्तरी सहीचा कागद असला, की दोष एकट्या प्रतिनिधीवर ढकलता येतो, आणि दरमहा अमुक विद्यार्थी आणा असा तोंडी तगादा लावणारा अधिकारी नामानिराळा राहतो. आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्यावरून प्रशिक्षण निरर्थक ठरत नाही. आपल्या वरिष्ठाची आज्ञा बेकायदा आहे, हे ज्यास शिकविलेलेच नाही, तो तक्रार तरी कशाची करणार? मात्र १९९२ पासूनचा अनुभव पाहता असे म्हणावे लागते की, प्रतिनिधीस नियम ठाऊक असणे आणि त्याची भाकरी सह्यांच्या संख्येवर अवलंबून नसणे, या दोन्ही अटी एकत्र पुऱ्या झाल्याखेरीज नियमांचे ज्ञान आचरणात उतरत नाही. म्हणून प्रशिक्षणाची परीक्षा पाठ्यक्रमावरून न करता वेतनाच्या व बढतीच्या हिशेबवहीवरून करणे अधिक युक्त होय.