बेसबॉलचे मरणोत्तर विक्रम

(१/८) १८७६ साली अमेरिकेत नॅशनल लीग सुरू झाली. त्या पहिल्याच हंगामात सर्वाधिक 'सेव्ह' बॉस्टनच्या जॅक मॅनिंगच्या नावावर आहेत : ५. मात्र मॅनिंगला हे हयातभर ठाऊक नव्हते. कारण तेव्हा असा आकडा कोणी मोजतच नव्हते.

(२/८) बदली पिचर मैदानात येतो, संघाची आघाडी शेवटपर्यंत टिकवतो. पण विजयाचे श्रेय दुसऱ्या पिचरकडे जाते. अशा वेळी बदली पिचरच्या खात्यावर 'सेव्ह' जमा होतो.

(३/८) क्रिकेटमध्ये एकाच गोलंदाजाला लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत. बेसबॉलमध्ये हे बंधन नाही. १८७९ साली सिनसिनाटीच्या विल व्हाइटने ७५ सामने सुरू केले आणि ७५ही एकट्याने पूर्ण केले.

(४/८) नियमही बदलीला प्रतिकूल होते. दुखापत वा आजारपणासारखे कारण असल्याशिवाय बाकावरचा खेळाडू आत येऊ शकत नसे. मोकळी मुभा १८९१ साली मिळाली. तोवर पिचर थकला की क्षेत्ररक्षकाशी जागांची अदलाबदल होई. मॅनिंग असाच राइट फील्डमधून चेंडू हाती घ्यायला येत असे.

(५/८) पुढे खांद्यावरून चेंडू टाकण्यास परवानगी मिळाली आणि १८९३ साली पिचरचे अंतर ६० फूट ६ इंच झाले. हातावरचा ताण वाढला, बदलीची गरजही वाढली. तरी निर्णायक क्षणी बोलावणे येई ते संघाच्या मुख्य पिचरलाच. लहानपणी शेतीच्या यंत्रात बोट गमावलेल्या शिकागोच्या मॉर्डेकाय ब्राउनने १९११ साली २१ विजय मिळवले आणि त्याखेरीज १३ सेव्हही केले.

(६/८) प्रामुख्याने बदलीसाठीच राखलेला पहिला नामवंत पिचर म्हणजे वॉशिंग्टनचा फर्पो मारबेरी. संघाच्या विजेतेपदाच्या वर्षी, १९२४ साली, त्याचे १५ सेव्ह होते. १९२६ साली २२. हा उच्चांक १९४९ साली जो पेजने २७ सेव्हसह मोडला. उच्चांक झाला आणि मोडला, दोन्ही वेळा दखल कोणी घेतली नाही.

(७/८) १९५९ साली पिट्सबर्गच्या एल्रॉय फेसने १८ विजय आणि १ पराभव अशी कामगिरी केली. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना त्यातली विसंगती खटकली : काही सामन्यांत फेसने आधी आघाडी गमावली होती, मग फलंदाजांनी सामना जिंकून दिला आणि विजय मात्र त्याच्या नावे लागला. आघाडी राखणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नव्हते. होल्ट्झमन यांनी सेव्हची कल्पना मांडली. १९६९ साली ती अधिकृत झाली.

(८/८) त्याच वर्षी मॅकमिलनचा बेसबॉल विश्वकोश प्रसिद्ध झाला. त्यासाठी जुन्या सामन्यांच्या नोंदींतून मागील हंगामांचे सेव्ह मोजले गेले. ब्राउनचे निधन १९४८ सालीच झाले होते. मारबेरी मात्र ही मोजदाद पाहायला हयात होता. म्हणून मॅनिंगचे ५ सेव्ह मारियानो रिव्हेराच्या ६५२ सेव्हशेजारी ठेवून तोलणे योग्य नव्हे. रिव्हेराला तेच काम नेमून दिलेले होते. मॅनिंग मात्र सामना हातचा जाऊ नये म्हणून सोयीपुरता बोलावला जात होता.