पुरंदर, तेवीस किल्ले आणि एक एक्सेल शीट

परवाच्या शनिवारी पुरंदरला गेलो होतो. खरं तर गाडी पार माचीच्या दारापर्यंत जाते, पण मी आणि मन्या हट्टाने नारायणपूरहून पायवाटेने चढलो. (हट्ट माझा, दम त्याला लागला.) गडावर लष्कराचा ताबा आहे, त्यामुळे ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी खिशातून हापिसचं कार्ड काढलं आणि तिथेच मूड गेला. कारण सोमवारी मला एक यादी द्यायची होती.

झालं असं की क्लायंटने बजेट जवळपास निम्म्यावर आणलं. नऊ मॉड्यूल्सपैकी कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची ते मी ठरवायचं. आठवडाभर एक्सेल उघडून बसलो होतो आणि दर वेळी उत्तर एकच, सगळी ठेवू! रात्री जागू, पण सगळी ठेवू.

माचीवर मुरारबाजी देशपांड्यांचा पुतळा आहे. तिथे उभं राहिलं की शेजारी वज्रगड दिसतो, मध्ये फक्त भैरवखिंड. वज्रगड उंचीने कमी, आकाराने लहान. पण तिथून तोफ डागली की गोळा थेट पुरंदरच्या माचीवर. मिर्झाराजा जयसिंगाने १६६५ च्या मार्चअखेर वेढा घातला तेव्हा त्याने नेमकं हेच हेरलं. अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर अशी नावं असलेल्या अवजड तोफा त्याच्या माणसांनी डोंगरावर ओढून नेल्या आणि १४ एप्रिलला वज्रगड पडला. शरण आलेल्या शिबंदीला जयसिंगाने मानाने जाऊ दिलं. हेतू हा, की बाकीच्या गडांवरच्या लोकांनाही तो मोह व्हावा. डोकेबाज माणूस!

आपण सॉफ्टवेअरवाले याला डिपेंडन्सी म्हणतो. मुख्य सिस्टीम भक्कम असते, पण ती ज्या फुटकळ गोष्टीवर टेकलेली असते तिच्याकडे कोणी बघत नाही.

पुरंदर तरीही लढत राहिला. दिलेरखानाने कौल देऊ केला, तो मुरारबाजींनी झिडकारला. सभासदाच्या बखरीत त्यांच्याबरोबर सातशे माणसं निघाल्याचं दिलंय. मुरारबाजी पडले, गड पडला नाही. पण बुरूज ढासळत होते, आणि तिकडे मोगलांच्या तुकड्या राजगड-सिंहगडाच्या परिसरातली गावं जाळत सुटल्या होत्या. पुरंदरात नुसते सैनिक नव्हते, सरदारांची बायका-मुलंही होती.

११ जूनला महाराज स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले. तहात २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख गेला. उरले १२ किल्ले आणि १ लाख होन. म्हणजे पाच लाखांतले चार गेले! कोंढाणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, माहुली, कर्नाळा... शाळेत ही यादी वाचताना मला नुसतं वाईट वाटायचं. आता चाळिशीच्या जवळ आल्यावर मी दुसरी यादी वाचतो, राहिलेल्यांची. राजगड, तोरणा, रायगड, लिंगाणा. सगळे अवघड डोंगरातले. अर्थात हे सगळं महाराजांनी एकट्याने ठरवलं नव्हतं, समोर जयसिंग होता आणि वाटाघाटी म्हटलं की दोन्ही बाजू ओढणारच. पण राहिलेल्यात राजधानी होती आणि पुढची राजधानीही होती, हे विसरता येत नाही.

आणि किल्ला रिकामा करताना त्यातून सुमारे ७,००० माणसं सुखरूप बाहेर पडली, त्यातली ४,००० लढणारी. मला वाटतं तहाचा सगळ्यात मोठा आकडा हाच. पुढे १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा परत आला, मार्चमध्ये पुरंदर. माणसं नसती तर कोणी घेतला असता?

एक सांगतो, महाराजांना 'मॅनेजमेंट गुरू' करून स्लाइडवर चिकटवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. १६६५ मध्ये १६७० कुणालाच दिसत नव्हतं. त्या जूनमध्ये तो तह म्हणजे फक्त नुकसान होतं, आणि ते सही करून घ्यावं लागलं. आपण शेवट वाचून आलेलो असतो, म्हणून आपल्याला ते हुशारीचं वाटतं.

केदारेश्वराच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडला. हवा स्वच्छ होती, लांबवर राजगड आणि तोरणा दिसत होते. मन्या ठेचा संपवत म्हणाला, "यादीत मी आहे का रे?"

"तू नाहीस. तुझं मॉड्यूल आहे."

चार वर्षं त्याने ते एकट्याने उभं केलंय. पोरगी झाली त्या रात्रीसुद्धा हॉस्पिटलच्या बाकावरून पॅच टाकला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही.

"आणि तुझं रिपोर्टिंग?"

"तेही."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्याने डब्याचं झाकण लावलं. ठीक वगैरे काही नव्हतं, ते दोघांनाही कळत होतं. उतरताना तो माझ्या पुढेच चालत होता. नारायणपुरात चहा घेताना मात्र त्याने माझ्या फोनवर ती शीट उघडायला लावली आणि म्हणाला, "माणसांचा कॉलम कुठाय यात?"

नव्हताच. रविवारी बसून तो आधी टाकला.