ध्रुवीय संशोधन मोहिमांची रसदव्यवस्था

ध्रुवीय संशोधन मोहिमांची रसदव्यवस्था : पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांजवळील निर्जन, हिमाच्छादित प्रदेशांत शास्त्रीय निरीक्षणे करणाऱ्या पथकांना जहाजे, इंधन, अन्न, निवारा, वाहने, संदेशवहन व वैद्यकीय साहाय्य पुरविणाऱ्या व्यवस्थेस ही संज्ञा लावता येईल. ‘रसद’ हा शब्द मूळचा लष्करी. सैन्याची कूच त्याच्या शिधासामग्रीच्या बेताने चालते, हा अनुभव ध्रुवीय संशोधनासही तंतोतंत लागू पडतो. अंटार्क्टिकात धान्य पिकत नाही, सरपण मिळत नाही. मूळचे रहिवासी नसल्याने स्थानिक मजूर वा बाजारपेठही नाही. खिळ्यापासून यंत्रापर्यंत प्रत्येक वस्तू बाहेरून न्यावी लागते. त्यामुळे संशोधनाचा तळ कोठे असावा, तेथे किती माणसांनी किती काळ राहावे व तो केव्हा सोडावा, हे प्रश्न बहुधा पुरवठ्याच्या सोयीनेच सुटलेले दिसतात. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचा इतिहास याचे स्पष्ट उदाहरण होय. आणि या इतिहासाचे केंद्र प्रामुख्याने गोव्यात राहिले आहे.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोहिमांत रसद म्हणजे वाटेवर ठरावीक अंतरांवर पुरून ठेवलेले अन्न व इंधनाचे साठे. नॉर्वेचा रोआल आमुनसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. त्याने ८०°, ८१° व ८२° दक्षिण अक्षांशांवर आधीच साठे केले होते आणि धुक्यात ते चुकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना खुणांच्या रांगा रोवल्या होत्या. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबर्ट स्कॉट याचा मुख्य साठा ८०° अक्षांशावर व्हावयाचा होता. परंतु तट्टे थकल्यामुळे तो ५५ किमी.हून अधिक अलीकडेच करावा लागला. मार्च १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर स्कॉट व त्याचे दोन सोबती या साठ्यापासून सु. २० किमी. अंतरावर मरण पावले.

याहून बोधप्रद उदाहरण अर्न्‌स्ट शॅकल्टन याच्या १९१४–१७ च्या मोहिमेचे आहे. अंटार्क्टिका ओलांडून येणाऱ्या शॅकल्टनसाठी रॉस समुद्राच्या बाजूने साठे करण्याचे काम एका स्वतंत्र तुकडीवर सोपविलेले होते. शॅकल्टनचे जहाज नोव्हेंबर १९१५ मध्ये वेडेल समुद्रात बुडाले व तो खंडावर उतरलाच नाही. ही वार्ता तुकडीस कळण्याचा मार्ग नव्हता. तिने जानेवारी १९१६ मध्ये अखेरचा साठा ठरल्या जागी पोहोचविला. या कामी तिचे तीन सदस्य प्राणास मुकले. शॅकल्टनचे नाव जगभर झाले. साठे करणाऱ्यांची नावे फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. रसदीचे काम करणाऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या विस्मृतीचा हा जणू आरंभच म्हणावा लागेल.

आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात (१९५७–५८) बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिकात निरीक्षणकार्य केले. तेव्हापासून साहसी सफरींची जागा कायम तळांनी घेतली आणि रसदीचे स्वरूपही वार्षिक, नियमित झाले. या काळात काही भारतीय परराष्ट्रांच्या मोहिमांबरोबर तेथे जाऊन आले. परमजितसिंग सेहरा हे सोव्हिएट मोहिमेबरोबर १९७१–७३ या काळात गेले व त्यांनी तेथे हिवाळा काढला. परंतु दुसऱ्याच्या जहाजातून जाणाऱ्यास आपल्या संशोधनाची जागा व मुदत स्वतः ठरविता येत नाही.

पहिली भारतीय मोहीम : जुलै १९८१ मध्ये केंद्र शासनाने महासागर विकास विभाग स्थापन केला. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ सदस्यांची तुकडी भाड्याने घेतलेल्या ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. डॉ. कासिम पूर्वी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. ही संस्था आणि मुरगाव बंदर जवळजवळ असल्यामुळे गोवा हेच मोहिमांचे प्रस्थानस्थान ठरले. तेथून अंटार्क्टिकाचा किनारा १०,००० किमी.हून अधिक दूर असून वाटेत चाळीस ते साठ अंश दक्षिण अक्षांशांमधील अत्यंत खवळलेला समुद्र लागतो. जहाजाला किनाऱ्याजवळ जाण्याजोगी स्थिती सामान्यतः डिसेंबर ते मार्च एवढ्याच काळात असते. या अवधीत माल उतरला नाही, तर त्याची भरपाई पुढील उन्हाळ्यापर्यंत होत नाही.

दक्षिण गंगोत्री : डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसऱ्या मोहिमेने (१९८३–८४) भारताचा पहिला कायम तळ उभारला. फिनलंडच्या ‘फिनपोलारिस’ या जहाजातून पूर्वरचित भाग नेण्यात आले. भूसेनेच्या तुकडीने अवघ्या एका उन्हाळ्यात ते जोडून वास्तू उभी केली. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्या नेतृत्वाखाली बारा जणांच्या तुकडीने तेथे पहिला भारतीय हिवाळा काढला. याच मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातील समुद्रवैज्ञानिक डॉ. अदिती पंत व भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. अंटार्क्टिकावर जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया होत. १९ ऑगस्ट १९८३ रोजी भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला व पुढील महिन्यातच त्यास सल्लागार राष्ट्राचा दर्जा, म्हणजे निर्णयात मत देण्याचा अधिकार, मिळाला. हा अधिकार भरीव संशोधनकार्य करणाऱ्या राष्ट्रांनाच मिळत असल्याने तळ उभारण्याच्या व चालविण्याच्या कामाला राजनैतिक महत्त्वही होते.

तळासाठी समुद्रावर तरंगणाऱ्या हिमाच्या जाड थरावरील, म्हणजे हिमफलकावरील, जागा निवडण्यात आली. जहाज लागते तेथून ती जवळ होती व अवजड सामान थोडक्या वेळात पोहोचविता येत होते. परंतु सोयीची ही जागाच पुढे अडचणीची ठरली. वाऱ्याबरोबर येणारा हिम इमारतीभोवती साचत गेला आणि काही वर्षांतच ती हिमाखाली गाडली गेली. आत ये-जा, वायुवीजन व आगीपासून बचाव या गोष्टी दर हिवाळ्यास अधिक कठीण होऊ लागल्या. १९९० मध्ये निवासी तळ म्हणून तिचा वापर बंद झाला; त्यानंतर तेथे केवळ सामग्री ठेवली जाई.

मैत्री : नवा तळ खडकावर असावा, हा या अनुभवाचा धडा होता. किनाऱ्यापासून सु. १०० किमी. आत, शिरमाखर या हिमरहित टेकड्यांच्या प्रदेशात (७०° ४६′ द., ११° ४४′ पू.) १९८९ मध्ये ‘मैत्री’ तळ कार्यान्वित झाला. त्याच्या वास्तूचा आराखडा पुण्याजवळील दिघी येथील संरक्षण खात्याच्या अभियांत्रिकी संशोधन व विकास आस्थापनेने केला. इमारत खांबांवर उचललेली असल्याने वारा व हिम तिच्याखालून निघून जातात. पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी सरोवरातून मिळते. मात्र या लाभाची किंमत रसदीस मोजावी लागली. हिमफलकाच्या कडेवर उतरविलेले इंधन व सामान पट्ट्यांच्या चाकांवर चालणाऱ्या वाहनांमागे घसरगाड्या जोडून, तांडा करून न्यावे लागते. वाटेत हिमात दडलेल्या भेगा असतात. हिमवादळात आकाश व भूमी एकाच पांढऱ्या रंगाची होऊन दिशा कळेनाशी होते. तळावरील एका इमारतीतून दुसरीत जाण्यासाठीही दोर बांधून ठेवावे लागतात.

मनुष्यबळ : हिवाळी तुकडीत वैज्ञानिकांच्या जोडीने वैद्य, यंत्रदुरुस्ती करणारे, वीजतंत्री, जोडारी, वाहनचालक, यारी चालविणारे, संदेशवाहक व स्वयंपाकी असतात. पहिल्या दशकात ही कामे मुख्यतः भूसेना, नौसेना व वायुसेना यांच्या माणसांनी केली. पुढील काळात करारावर माणसे घेण्याची पद्धत रूढ झाली. निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते व हिमालयात औली येथे त्यांना बर्फावरील वावराचे शिक्षण दिले जाते. हिवाळी सदस्याचा मुक्काम एक वर्षाहून अधिक असतो, त्यांपैकी सु. दोन महिने मैत्री येथे सूर्य उगवत नाही व जहाजही येऊ शकत नाही. जनित्र बंद पडले तर उष्णता, पाणी व संदेशवहन या तिन्ही गोष्टी धोक्यात येतात. म्हणून रात्रपाळीचा यंत्रतंत्री हा तळावरील सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरतो. वैद्यकीय अधिकारी डॉ. कंवल विल्कू यांनी २००० साली मैत्रीवर मुक्काम केला. अंटार्क्टिकात हिवाळा काढणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

या कामातील धोक्याची जाणीव जानेवारी १९९० मधील दुर्घटनेने करून दिली. नवव्या मोहिमेतील चार सदस्य पर्वतीय छावणीत कार्बन मोनॉक्साइड वायूच्या विषबाधेने मृत्युमुखी पडले. थंडीपासून रक्षण करण्यासाठी निवारा जितका बंदिस्त करावा, तितका दूषित वायू आत कोंडण्याचा संभव वाढतो. ध्रुवीय निवाऱ्यात उष्णतेइतकीच हवा खेळती राहणे आवश्यक असते, हा त्यातून मिळालेला कठोर धडा होय.

गोवा व महाराष्ट्र यांचा सहभाग : राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. ए. एच्. परुळेकर यांनी सहाव्या मोहिमेचे (१९८६–८७) नेतृत्व केले. मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने अंटार्क्टिकात दीर्घकाळ चुंबकीय निरीक्षणे घेतली आहेत. अशा अखंड नोंदी अखंड वीजपुरवठ्यावाचून अशक्य असतात. १९९८ मध्ये वास्को द गामा येथील हेडलँड सडा या ठिकाणी राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्र स्थापन झाले व मोहिमांची आखणी, खरेदी व जहाजांची व्यवस्था त्याच्याकडे आली. २०१८ पासून ते राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखले जाते. अंटार्क्टिकातील भारतीय टपाल कचेरीचा कारभारही गोवा टपाल विभागाशी जोडलेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारती तळावर नवी कचेरी उघडण्यात आली, तेव्हा तिला ‘एमएच–१७१८’ असा प्रायोगिक सांकेतांक देण्यात आला. त्यातील आद्याक्षरे महाराष्ट्राची होत.

अलीकडील स्थित्यंतरे : माद्रिद पर्यावरण मसुदा (१९९१) १९९८ पासून अमलात आल्यावर रसदीचा प्रवास दुहेरी झाला. जे नेले त्यातील टाकाऊ भागही परत आणणे बंधनकारक झाले. प्रस्थानस्थान गोव्याहून दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे हलले व तेथून रशियाच्या नोव्होलाझारेव्हस्काया तळाजवळील हिमाच्या धावपट्टीवर विमानेही जाऊ लागली. महिन्याचा सागरी प्रवास माणसांपुरता काही तासांवर आला; इंधन व अवजड माल मात्र जहाजानेच जातो. लार्समन टेकड्यांमधील ‘भारती’ हा तळ (२०१२) १३४ मालवाहू पेट्यांचा उपयोग करून बांधलेला आहे. वाहतुकीचे साधनच तेथे वास्तूचा सांगाडा बनले. तो मैत्रीपासून सु. ३,००० किमी. अंतरावर असल्याने एकाच जहाजाच्या फेरीत दोन्ही तळ सांभाळणे हा रसदीचा नवा प्रश्न झाला. याउलट, उत्तर ध्रुवप्रदेशात स्वालबार येथील ‘हिमाद्री’ तळाची (२००८) निवास-भोजनादी व्यवस्था स्थानिक नॉर्वेजियन कंपनी पाहते. त्यामुळे तेथे स्वतंत्र रसदपथक लागत नाही. डिसेंबर २०२३ पासून तेथे हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. मैत्रीची वास्तू जुनी झाल्याने ‘मैत्री–२’ या नव्या तळाची योजना भारताने २०२४ मध्ये जाहीर केली.

मूल्यमापन : दक्षिण गंगोत्रीची जागा पुरवठ्याच्या सोयीने ठरली व वास्तू हिमाखाली गाडली गेल्याने ती सोडावी लागली, मैत्री व भारती हे तळ त्या अनुभवावर उभे राहिले. शोधनिबंधांवर वैज्ञानिकांची व अहवालांवर मोहीमप्रमुखांची नावे येतात. जनित्र चालू ठेवणारा, तांडा हाकणारा व स्वयंपाक करणारा यांची नावे बहुधा सदस्यांच्या यादीतच राहतात. तथापि ध्रुवीय विज्ञानातील दीर्घ निरीक्षणमालांची प्रत्येक नोंद त्यांच्या कामावर अवलंबून असते. या मोहिमांचा इतिहास लिहिताना शोधांच्या नोंदींबरोबर तळावरील कामाच्या रोजनिशा जतन करणे व संबंधितांच्या आठवणी लिहून ठेवणे आवश्यक आहे; कारण पुढील तळाची जागा निवडताना अखेर उपयोगी पडतो तो हाच अनुभव.