पाळलेला शब्द : स्टीव्ह पेरीचा 'ट्रेसेस'



'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' हे गाणे अमेरिकेत राहून कानावर पडले नाही, असा माणूस विरळाच. बेसबॉलचा सामना असो की लग्नाच्या रिसेप्शनमधला डीजे, ते कुठेतरी वाजतेच. १९८१ सालचे हे गाणे 'जर्नी' या बँडचे, आणि आवाज स्टीव्ह पेरीचा. या लेखात आम्ही त्याच्या 'ट्रेसेस' (२०१८) या सोलो अल्बमची माहिती देत आहोत. गाणी तर चांगली आहेतच, पण हा अल्बम निघाला तो एका माणसाला दिलेल्या शब्दामुळे.

गायकाची ओळख

पेरीचा जन्म २२ जानेवारी १९४९ रोजी कॅलिफोर्नियातल्या हॅनफर्ड गावी, पोर्तुगीज वंशाच्या कुटुंबात झाला. १९७७ साली तो सॅन फ्रान्सिस्कोच्या जर्नी बँडमध्ये आला. बँडचा 'एस्केप' (१९८१) हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. या संगीताला मेलोडिक रॉक म्हणतात. गिटार आणि ड्रम्सचा जोर रॉकचा, पण चाल मात्र सहज गुणगुणता येईल अशी. त्यात पेरीचा आवाज तार सप्तकातही न चिरकता फिरायचा, ही त्याची खासियत.

आधीचे दोन सोलो अल्बम

बँडमध्ये असतानाच १९८४ साली त्याने 'स्ट्रीट टॉक' काढला. त्यातले 'ओ शेरी' हे गाणे बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. शेरी ही त्याची तेव्हाची मैत्रीण, आणि गाण्याच्या व्हिडिओत ती स्वतः दिसते. १९८७ साली पेरी बँडपासून दूर झाला. दुसरा सोलो अल्बम, 'फॉर द लव्ह ऑफ स्ट्रेंज मेडिसिन', यायला १९९४ साल उजाडले. १९९६ साली जर्नीची जुनी मंडळी 'ट्रायल बाय फायर'साठी पुन्हा एकत्र आली, पण पेरीला कमरेच्या सांध्याचे दुखणे लागले, दौरा अडला, आणि १९९८ साली वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. त्यानंतर त्याने जवळजवळ गाणेच सोडले.

शब्द

२०११ साली पेरीची दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्स हिच्याशी मैत्री होती. स्तनाच्या कॅन्सरवरच्या 'फाइव्ह' या टीव्ही चित्रपटातला तिने दिग्दर्शित केलेला भाग पाहताना त्याला पडद्यावर एक स्त्री दिसली. ती व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ होती आणि स्वतः कॅन्सरशी झुंजत होती. आजार परत आला आहे आणि पसरला आहे, हे जेन्किन्सने त्याला आधीच सांगितले. तरीही तो तिला भेटला, आणि दोघे एकत्र राहू लागले. आपल्या पश्चात पुन्हा एकांतात जाऊन बसायचे नाही, असे वचन तिने त्याच्याकडून घेतले. डिसेंबर २०१२ मध्ये ती गेली.

शब्द पाळायला त्याला वेळ लागला. मे २०१४ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे 'ईल्स' या बँडच्या कार्यक्रमात तो अचानक रंगमंचावर आला आणि गायला. २०१७ साली जर्नीचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा तो आला, बोलला, पण गायला नाही.

अल्बम

'ट्रेसेस' ५ ऑक्टोबर २०१८ रोजी फॅन्टसी रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. मूळ आवृत्तीत दहा गाणी आहेत. निर्मिती पेरीची स्वतःची, सोबत थॉम फ्लॉवर्स. 'मोस्ट ऑफ ऑल' हे गाणे त्याने रँडी गुडरमबरोबर लिहिले. 'ओ शेरी'च्या गीतकारांत हाच गुडरम होता. 'आय नीड यू' हे बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचे गाणे पेरीने संथ लयीत, वेगळ्या ढंगाने गायले आहे. अल्बम बिलबोर्डच्या यादीत सहाव्या क्रमांकावर पोहोचला. त्याच्या आधीच्या दोन्ही सोलो अल्बमना एवढे वर जाता आले नव्हते.

पेरी तेव्हा ६९ वर्षांचा होता. १९८१ चा आवाज शोधायला जाल, तर तो इथे सापडणार नाही. पट्टी खाली आली आहे, आवाजाला किंचित खरखर आहे. पण शब्दावर थांबण्याची, स्वर हळूच सोडण्याची जी समज आहे ती तरुणपणी नव्हती, असे आमचे मत आहे. एक तक्रार मात्र रास्त आहे. संथ गाणी जरा जास्तच झाली आहेत, आणि एका बैठकीत सलग ऐकताना मधला भाग रेंगाळतो.

कुठून सुरुवात करावी?

जर्नीचे चाहते असाल तर 'नो इरेसिन' आधी लावा. जुना जोश त्यातच सर्वात जास्त आहे. मग 'मोस्ट ऑफ ऑल', आणि शेवटी 'इन द रेन'. हे शेवटचे मात्र गाडी चालवताना नको, घरी निवांत ऐका.

आवडले तर पुढेही ऐकण्यासारखे आहे. याच गाण्यांची साधी, कमी वाद्यांची रूपे २०२० च्या अखेरीस निघाली, आणि २०२१ साली 'द सीझन' हा नाताळच्या गाण्यांचा अल्बम आला. एकांतात परत जाणार नाही, हा शब्द त्याने 'ट्रेसेस'नंतरही पाळला.