चांदीच्या मगाचा कस आणि ठसा

इंग्लंडमध्ये बिअर पिण्यासाठी घडविलेले चांदीचे जुने मग हा संग्राहकांच्या विशेष आवडीचा विषय आहे. झाकण नसलेल्या पात्रास मग, तर बिजागरीचे झाकण असलेल्या पात्रास टँकार्ड म्हणतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा पात्रांचा प्रसार वाढला.

या पात्रांची ओळख पटते ती त्यांवरील हॉलमार्कच्या ठशांवरून. चालता सिंह हे स्टर्लिंग चांदीचे चिन्ह १५४४ पासून वापरात आहे. या चांदीत १००० भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असते. लंडनमध्ये १४७८ पासून दरवर्षी बदलणारे वर्षाक्षर उमटविले जाऊ लागले. बर्मिंगहॅमच्या कसोटी कार्यालयाचा नांगर १७७३ पासूनचा. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजा वा राणीच्या मस्तकाचा ठसाही मारला जाई.

चांदीची नाणी वितळवून भांडी घडविण्यास आळा बसावा, म्हणून १६९७ मध्ये भांड्यांच्या चांदीचा कस ९५८.४ पर्यंत वाढविण्यात आला. १७२० मध्ये स्टर्लिंगला पुन्हा मान्यता मिळाली. त्यामुळे मधल्या काळातील मगांवर सिंहाऐवजी ब्रिटानियाची आकृती आढळते.

मात्र ठसा अस्सल असला, तरी मग मूळ स्वरूपात असेलच असे नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अनेक साध्या मगांवर फुलापानांचे उठावकाम करण्यात आले, तर काही टँकार्डांना तोटी जोडून त्यांचे सुरईत रूपांतर झाले. म्हणून टँकार्डाच्या झाकणावरही ठसे आहेत का, हे पाहणे आवश्यक ठरते. पृष्ठभागावर फुंकर घालून वाफ धरल्यास डागकामाच्या अथवा पुसलेल्या कुलचिन्हाच्या खुणा दिसू शकतात. चिन्ह पुसलेल्या जागी पत्रा बोटांना पातळ लागतो.

ब्रिटनच्या १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार, ठसा असलेल्या वस्तूत कसोटी कार्यालयाच्या संमतीविना भर घालणे वा फेरफार करणे हा गुन्हा आहे. संशयास्पद वस्तूंची तपासणी लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीची जुन्या चांदीविषयक समिती करते.

घरी आणलेला मग वारंवार घासून चकचकीत करण्याचा मोहही टाळावा. प्रत्येक घासणीबरोबर ठसे झिजतात आणि वस्तूचा पुरावाच नाहीसा होत जातो.