अपूर्णांकांचे पाढे आणि गणिती बुद्धीची मशागत

कोकणातील गणिती बुद्धीच्या मुलांचा विचार निघाला की बहुधा मुर्डी गावाचे नाव पुढे येते. हेदवीहून उत्तरेस जाऊन दाभोळपाशी वाशिष्ठीची खाडी ओलांडली म्हणजे दापोली तालुका लागतो. त्यातील या लहानशा गावी १८७६ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे यांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईस आपल्याकडे ठेवून घेतले. १८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. परांजपेही तेथेच शिकले, आणि १८९९ मध्ये केंब्रिज येथे सीनिअर रँग्लर झाले. (हा मान जॉर्ज बर्टविसल यांच्यासमवेत विभागून मिळाला होता, गौरवलेखांतून हे पुष्कळदा गाळले जाते.) बुद्धिमान मुलाची जोपासना त्या काळी एखाद्या कर्व्यांवर अवलंबून होती, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. जोपासनेचे साहित्य त्यापूर्वीच भाषेत सिद्ध होते.

पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी शिकवीत, व सायंकाळी परवच्यात ती घोकून घेत. पैकी औट म्हणजे साडेतीन. या शब्दांची घडण लक्षणीय आहे. ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ यापासून प्राकृत ‘अड्ढाइज्ज’ या रूपाच्या द्वारे आला. दोन पुरे आणि तिसरा अर्धा, हा त्याचा मूळ अर्थ. ‘औट’ हा ‘अर्धचतुर्थ’चा वंशज; ‘पाऊण’ म्हणजे ‘पादोन’, पावाने उणा. म्हणजे संख्येचे नावच ती कशी मोजावी हे सांगते. हेदवीच्या काय किंवा पुण्याच्या काय, बाजारात रुपयाचे सोळा आणे असल्यामुळे या पाढ्यांना रोजचा उपयोगही होता.

सामान्य विद्यार्थ्यास हे ओझेच होते, हे मान्य केले पाहिजे; पंतोजींच्या छडीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलाची बुद्धी संबंध शोधते त्याला यात पाठांतरापलीकडचे काही सापडण्याजोगे होते. निमकीत पावकी मिळविली की पाऊणकी होते. सातांचा पाढा निम्मा केला की औटकी होते. याहून सुंदर उदाहरण वर्गांचे आहे. दिडाची दीडपट सव्वादोन, अडीचांची अडीचपट सव्वासहा, औटाची औटपट सव्वाबारा, साडेचारांची साडेचारपट सव्वावीस. प्रत्येक वेळी ‘सव्वा’ का यावा? आणि दोन, सहा, बारा, वीस हे आकडे कोठून आले? एक दुणे दोन, दोन त्रिक सहा, तीन चोक बारा, चार पंचे वीस, हे ज्याच्या ध्यानात येईल त्याने अक्षरे न वापरता बीजगणितातील एक नित्यसमीकरणच हस्तगत केले. दशांशांत लिहिल्यास २·२५, ६·२५ असा तोच क्रम डोळ्यांना दिसतो. येथे तो कानाला कळतो, एवढाच फरक. मात्र परवच्यात असा प्रश्न विचारण्यास अवसर नव्हता.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ वजनेमापेही बदलली, आणि या पाढ्यांचा व्यवहारातील आधार सुटला. शाळांनी ते हळूहळू सोडले. त्याबरोबर प्रश्न विचारण्याची सामग्रीही गेली, याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुण्यात १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी स्थापन झाली आणि बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा संघटित विचार सुरू झाला. तोवर हे पाढे मागे पडू लागले होते.

आकड्यांशी खेळण्याची वृत्ती मात्र एका शाळामास्तरात टिकली. डहाणूस १९०५ मध्ये जन्मलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना १९२७ मध्ये परांजप्यांच्याच नावाचे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शिक्षक होते. त्यांनी शोधलेल्या स्थिरांकास वजाबाकीखेरीज काही लागत नाही. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया, अंक कमी पडल्यास आरंभी शून्य धरून, पुन्हा करावी. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतात.