रजोनिवृत्तीपूर्व काळ

पाळी कायमची बंद होण्याआधीची काही वर्षे. सलग 12 महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतात हे वय सरासरी 46-47 आहे, त्यामुळे चाळिशीच्या आसपासच पाळी मागेपुढे होऊ लागते. बीजांडकोशातील इस्ट्रोजेन या काळात एकदम न संपता वरखाली होत राहते. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम फुटणे, झोपमोड, चिडचिड, छातीत धडधड, सांधेदुखी व योनीची कोरड ही लक्षणे त्यातून येतात.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या अनेक बाया घरबसल्या साड्यांना लेस आणि टिकल्या लावतात. पत्र्याच्या खोलीत, दमट उकाड्यात आलेली वाफ हवेच्या माथी मारली जाते. कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी देशभर नाव असलेल्या या शहरात रात्री मात्र सुती कपडाच बरा. चहा व तिखट खाल्ल्यावर वाफा वाढत असतील तर ते कमी करावे. रोजचे चालणे हाडांना व झोपेला उपयोगी. नाचणीत 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. थायरॉइडचा विकार आणि रक्तक्षय यांची लक्षणेही अशीच दिसतात, म्हणून रक्ततपासणी करावी.

त्रास जास्त असल्यास संप्रेरक उपचार सर्वांत गुणकारी. 2002 साली अमेरिकेतील मोठ्या अभ्यासानंतर त्यांची धास्ती पसरली, ती आजही पुरती गेलेली नाही. साठीच्या आतील निरोगी स्त्रीला त्यांचा फायदा बहुधा धोक्यापेक्षा अधिक, असे आज मानतात. गर्भाशय असल्यास इस्ट्रोजेनला प्रोजेस्टेरॉनची जोड लागतेच. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेलेल्यांना ते सहसा देत नाहीत; त्यांच्यासाठी बिगर-संप्रेरक औषधे आहेत.

पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात. गर्भनिरोधन लगेच सोडू नये.

‘या वयात अंगावरून जायचंच’ ही समजूत घातक आहे. तासातासाला पॅड बदलावा लागणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास सोनोग्राफी व गरजेप्रमाणे गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी हवी. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे; बीजांडकोशही काढले तर हीच लक्षणे एकाएकी आणि तीव्र येतात. सुरतेत सरकारी न्यू सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर या दोन्ही रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहे.